खड्याखालचा केस

डोक्यावरचे केस ही माझी खासगी बाब आहे, असं मी चोवीस वर्षं समजत होते. तो समज चुकीचा निघाला. माझ्या केसांवर गल्लीतल्या आठ बायकांचं काम, साठ साड्या आणि माझ्या आईनं दहा वर्षांत कमावलेलं नाव अवलंबून होतं, हे मला कोणीही वेळेवर सांगितलं नाही. (सांगितलं होतं. आईनं रोज सांगितलं होतं. पण घरातली माणसं जे सांगतात त्याला मी 'सांगणं' धरत नाही.)

आधी ओळख करून देते. मी ज्योती, राहणार डिंडोली, सुरत. माझे वडील, म्हणजे नाना, शिरपूरकडून इथे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मी आमच्या भागातल्या एका छोट्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते. (छोटी म्हणजे किती? सभेनंतर तीन चहा सांगितले तर एक उरतो.) कॉलेजपासून पत्रकंच लिहीत आल्यामुळे माझं बोलणंही पत्रकासारखं झालंय. जेवताना मीठ हवं असलं तरी तोंडातून, "मिठाच्या प्रश्नाकडे आणखी किती दिवस डोळेझाक करणार?" असंच बाहेर पडतं. नाना मुकाट्यानं मीठ सरकवतात.

आई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. मेंदीच्या कोनासारखा कोन असतो, त्यातून गमचा ठिपका टाकायचा, ठिपक्यावर चमकता खडा ठेवायचा, बोटानं दाबायचा, पुढचा ठिपका. रिंगरोडच्या मार्केटातल्या भावेशभाई नावाच्या व्यापाऱ्याकडून आईच्या नावानं साड्यांचा लॉट येतो आणि आई तो गल्लीतल्या आणखी सात जणींना वाटून देते. 'इंदूबाईचा माल' म्हणजे गठ्ठा न उघडता पुढे पाठवायचा, एवढा भावेशभाईंचा विश्वास. या एका वाक्यावर आई दहा वर्षं जगलीय. तिच्यासाठी तो पुरस्कारच आहे, फक्त त्याला शाल-नारळ नाही.

या कामाचा एक नियम आहे. बसताना डोक्याला फडकं घट्ट गुंडाळायचं. कारण गम ओला असताना केस पडला आणि वर खडा बसला, की तो केस कायमचा. साडी फेल.

आता तुम्हीच सांगा, सुरतेच्या एप्रिलमध्ये, पत्र्याखालच्या खोलीत, बायकांच्या डोक्याला फडकं? मी अर्थातच पेटून उठले. 'डोक्यावरची सक्ती झुगारून द्या!' या मथळ्याचं पत्रक काढलं आणि गल्लीत वाटलं. बायकांनी ते आनंदानं घेतलं आणि गमचे कोन टेकवायला जमिनीवर अंथरलं.

"कागद जाड आहे वं पोरी," आईच्या उजव्या हाताला बसणाऱ्या, अकोल्याकडच्या सुमनमावशी म्हणाल्या, "पुढच्या खेपेलेही असाच आणजो."

एकीनंही फडकं सोडलं नाही. तेव्हा तत्त्व म्हणून मी एकटीनं ते बांधायचं नाही असं ठरवलं. चळवळीत कोणीतरी पहिलं पाऊल टाकावंच लागतं. मी टाकलं. कुठे पडलं ते पुढे येईलच.

पण केसांपाशी यायच्या आधी शेकपाशी जाणं भाग आहे.

झालं असं की जानेवारीत आमच्या नाक्यावर एक वेलनेस सेंटर उघडलं. दोन वेळचं जेवण सोडा, त्याऐवजी दोन ग्लास शेक प्या, वजन उतरवा! माझं रक्त उसळलं. कष्टकरी बाईच्या ताटातली भाकरी काढून तिथे पावडर? पत्रकाचं नाव जागेवर सुचलं: 'ताटावर डल्ला!' फक्त पुरावा हवा होता. म्हणून मी साधी गिऱ्हाईक बनून आत शिरले.

सेंटरवाल्या जिज्ञाबेननी मला एका काट्यावर उभं केलं आणि हातात दोन दांड्या दिल्या.

"बेन, तमारी उंमर?"

"चोवीस."

जिज्ञाबेननी काट्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. घरात कोणी गेलंय हे सांगताना करतात तसा चेहरा केला. "मशीनमां तो एकतालीस बतावे छे."

"एकेचाळीस? माझ्या शरीराचं वय एकेचाळीस? हे यंत्र खोटं आहे! याच्या तपासणीचा कागद दाखवा!"

"गुस्सा नहीं करवानो, बेन. गुस्साथी उंमर वधे."

मी भांडत भांडत तशीच काट्यावर उभी होते. यंत्रानं मधल्या वेळात बेचाळीस करून टाकले!

पुरावा गोळा करायला गेलेली मी, बाहेर आले ती काखेत डबा घेऊन. (प्रत्यक्ष अनुभव हाच खरा पुरावा, असं मी स्वतःला समजावलं. मी स्वतःला फार चटकन समजावते. इतर जनतेला वेळ लागतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्लासात कुल्फीच्या चवीची पावडर घुसळायला घेतली, तेव्हा आई येऊन शेजारी उभी राहिली. आई घरात अहिराणी बोलते.

"माय वं! हाई काय पिठलं शे?"

"पिठलं नाही. संपूर्ण आहार आहे हा."

"मंग पेताना डोळा कसाले मिचस?"

"आई, यात चोवीस पोषक घटक आहेत."

"भाकरमा एकच शे," आई म्हणाली, "पण ती चावता येस."

तिच्या या प्रतिगामी भूमिकेकडे मी दुर्लक्ष केलं. सकाळी शेक, रात्री शेक, दुपारी काकडी. दोन महिन्यांत सात किलो उतरलं. ज्या बायकांनी माझं एकही पत्रक वाचलं नव्हतं त्या मला वाटेत थांबवून विचारू लागल्या, "काय केलंस वं?" आयुष्यात पहिल्यांदा जनता माझं ऐकत होती! 'ताटावर डल्ला' मी अधिक अभ्यासासाठी पुढे ढकललं.

मार्चमध्ये केस गळायला लागले.

गळायला लागले म्हणजे कसे? आधी कंगव्यात. मग उशीवर. मग बाथरूमच्या जाळीवर असा पुंजका की नाना ओरडले, "अगं, मोरीत उंदीर मेलाय!" माझे केस कमरेपर्यंत लांब, आणि दिवाळीत टोकांना लालसर रंग लावलेला. त्यामुळे ते कुठेही पडले तरी ओळखू यायचे. आमटीत ओळखू आले. नानांच्या डब्यातल्या चपातीत ओळखू आले. लूमवर नानांनी शर्ट काढून टांगला, तर पाठीला लांबलचक लाल टोकाचा केस. बाजूचा कारागीर म्हणाला, "काय नाना, ह्या वयात?"

मी जिज्ञाबेनकडे जाब विचारायला गेले. अगदी मुद्देसूद. पहिला मुद्दा मांडायच्या आत त्यांनी माझ्यापुढे एक बाटली ठेवली.

"वाळ खरे छे ने? केस गळतात ने? बायोटिन लो."

मी बायोटिन घेतलं. आठवडाभरात केस थांबले नाहीत, तेव्हा झिंक. झिंकनं झालं नाही, तेव्हा ई व्हिटॅमिनच्या हिरव्या कॅप्सूल. मग मोबाइलवर कोणीतरी सांगितलं म्हणून ए. मग सगळ्यांची मिळून एक मल्टिव्हिटॅमिन, वेगळ्या घेतलेल्यांतून काही सुटायला नको म्हणून. मग केस-त्वचा-नखं अशा तिन्ही आघाड्यांवर एकदम लढणाऱ्या गोड चघळायच्या गोळ्या. एका गोळीनं फरक दिसत नसेल तर दोन घ्याव्यात, हा माझा स्वतःचा विचार. मागणी मान्य होत नसेल तर आवाज वाढवायचा, हे मी चळवळीत शिकले होते. तेच पोटात लागू केलं.

ताटाऐवजी माझ्यापुढे आता बाटल्यांची रांग असायची. आई ती पुसून ठेवायची, देव्हाऱ्यातले देव पुसते तशी, पण भक्तीशिवाय.

त्या गोड गोळ्या मात्र झपाट्यानं संपत होत्या. मला संशय आला. रविवारी नानांना पकडलं.

"नाना, तुम्ही माझ्या गोळ्या खाताय?"

"त्या जेलीच्या? मी म्हटलं मुखवास आहे. परवा तर लूमच्या खात्यात सगळ्यांना वाटल्या. बिहारी पोरांना लई आवडल्या."

"ते औषध आहे, नाना! केसांचं!"

नानांनी गंभीरपणे मिशीवरून हात फिरवला. "मग हिच्यात काही फरक वाटतोय का?"

अशा परिस्थितीत लग्नसराई तोंडावर आली आणि भावेशभाईंनी आईला साठ साड्यांचा लॉट पाठवला. चार दिवसांत हवा होता. गडद निळ्या साड्या, भरगच्च खडे. सोबत निरोप: हा लॉट नीट गेला तर पूर्ण सीझनचं काम डिंडोलीत, इंदूबाईकडे. नाही गेला तर सुरतेतल्याच कतारगामच्या बायका तयार बसल्याच आहेत.

आईनं हा निरोप सगळ्यांना वाचून दाखवला. सुमनमावशींनी फडक्याची गाठ आणखी एकदा आवळली.

आठही जणी आमच्याच घरी बसल्या. बाहेरच्या खोलीत साड्या अंथरलेल्या, दोन पंखे फुल, ओल्या गमचा वास. मी म्हटलं, मीही हातभार लावते. श्रमिकांच्या बाजूनं लिहायचं आणि श्रम मात्र करायचे नाहीत, हा दुटप्पीपणा मला मान्य नाही!

"फडकं बांध," आई म्हणाली.

"आई, यावर माझी भूमिका जाहीर आहे."

"भूमिका खुट्टीले टांग. फडकं बांध."

मी बांधलं नाही. आईनं माझा नाद सोडला, कारण तिच्या हातात कोन होता आणि तिच्यासमोर साठ साड्या होत्या. चार दिवस मी मोकळ्या केसांनी, पोटात कुल्फीची पावडर घेऊन, पंख्याखाली बसून खडे लावले. मधे चक्कर आल्यासारखं झालं की उठायचे, पंख्यासमोर उभी राहायचे आणि जरा तरतरी यावी म्हणून केस विंचरायचे.

पंख्यासमोर. अंथरलेल्या साड्यांवर. ओल्या गमवर.

आम्हाला कोणालाच काही दिसलं नाही. निळी साडी, काळा केस, वर चमकणारे खडे, आणि आठ बायकांचे लाल झालेले डोळे. पाचव्या दिवशी सकाळी लॉट वेळेवर गेला. आईनं गूळ वाटला. मी माझा खडा नम्रपणे नाकारला. माझी कॅप्सूलची वेळ झाली होती.

संध्याकाळी लॉट परत आला.

टेम्पोवाल्यानं गठ्ठे दारात टाकले. प्रत्येक गठ्ठ्यावर खडूनं मोठी फुली. आत काय चुकलंय, काही लिहिलेलं नाही. टेम्पोवाला एवढंच म्हणाला, "शेठे पाछो मोकल्यो. बहु गुस्सामां छे."

दहा वर्षांत पहिल्यांदा इंदूबाईचा माल परत आला होता. आई उंबऱ्यावर बसली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गठ्ठ्यांवरच्या फुल्या बघत राहिली. एकेक करून सातही जणी आल्या आणि तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. मग आई हात टेकून उठली. "उघडीसन तर पाहू, काय व्हयनं ते."

आणि इथे मी मध्ये पडले!

"थांबा! हात लावू नका!"

"काहून वं?" सुमनमावशी दचकल्या.

"कारण न देता माल नाकारलाय! हा अन्याय आहे. गठ्ठा आपण उघडला की ते म्हणतील, तुम्हीच आत काहीतरी बदललंत. गठ्ठे जसे आले तसे, बंद, मार्केटात घेऊन जायचे. सगळ्यांदेखत त्यालाच उघडायला लावायचे. पुरावा सांभाळावा लागतो, मावशी!"

आई म्हणाली, "आपलाच माल शे, आपण पाही लेऊत."

"आई, यातलं तुला कळत नाही."

हे वाक्य मी बोलले. आठ साक्षीदार आहेत. त्या दिवशी दारातच एक गठ्ठा उघडला असता तर सगळं घरातल्या घरात निस्तरलं असतं. पण मला पुरावा सांभाळायचा होता, आणि तो मी फारच उत्तम सांभाळला. रात्रीतून पत्रक लिहून काढलं: 'कारण दाखवा, नाहीतर माल घ्या!' सकाळी दोन रिक्षांत गठ्ठे, मागच्या बसमध्ये आठ बायका, आणि सगळ्यांच्या पुढे मी, पोटात एक ग्लास शेक आणि सहा गोळ्या.

भावेशभाईंचं दुकान तिसऱ्या मजल्यावर. गादीवर पांढरीशुभ्र चादर. ते फोनवर होते. मी थांबले नाही.

"शेठ! घाम गाळून काम करणाऱ्या बायकांचा माल तुम्ही कोणत्या अधिकारानं परत पाठवलात? दहा वर्षं! दहा वर्षांत यांच्या कामात एक खोट निघाली नाही! कारण लेखी द्या! आमच्या कामातला एक, फक्त एक दोष दाखवा, आम्ही गप्प घरी जाऊ!"

आजूबाजूच्या दुकानांतले लोक जमले. शब्द फार छान येत होते. भावेशभाईंनी फोन ठेवला, एक गठ्ठा ओढला, वरची साडी काढून पांढऱ्या चादरीवर पसरली आणि एका खड्याखाली नख घातलं.

"आ जुओ. आ शुं छे?"

खड्याच्या एका बाजूनं एक केस बाहेर आला होता, दुसऱ्या बाजूनं पुढच्या खड्याखाली गेला होता, तिथून तिसऱ्या, तिथून चौथ्या. साडीत नक्षीचाच भाग असावा असा तो फिरला होता. भावेशभाईंनी एकेक खडा उचकटत हळूहळू तो ओढला. तो येतच राहिला, येतच राहिला. शेवटी टोक आलं. टोक लालसर होतं.

आठही बायकांचे हात आपोआप आपल्या डोक्याकडे गेले. आठ डोक्यांवर आठ फडकी होती. मग आठही माना सावकाश माझ्याकडे वळल्या.

आई अगदी हळू बोलली. "हाऊ तुना केस शे."

"एका केसावरून काही सिद्ध होत नाही!" मी ओरडले. "या मार्केटात रोज किती बायका येतात! कितीजणी केस रंगवतात! हा केस कोणाचाही असू शकतो, आणि जोपर्यंत निःपक्षपाती चौकशी..."

चौकशी म्हणताना मी मान जोरात झटकली. डोक्यावरून एक केस सुटला. तो पंख्याच्या वाऱ्यावर जरा तरंगला, भावेशभाईंच्या पांढऱ्या चादरीवर आला, आणि साडीतल्या केसाच्या शेजारी, त्याला समांतर, पट्टीनं आखावा तसा आडवा झाला.

लांबी सारखी. टोक सारखं.

मी पत्रकांचा गठ्ठा पाठीमागे लपवला. (त्यातली दोनशे पत्रकं अजून माझ्याकडे आहेत. कागद जाड आहे. कोणाला हवी असल्यास न्यावीत.)

आई पुढे झाली. तिनं साडीची घडी घातली, 'इंदूबाईचा माल' ही खूण असलेली बाजू वर येईल अशी. "भावेशभाई, दो दिन दो. सब साफ करके लाती मैं."

"इंदूबेन, तमारा माटे," भावेशभाई म्हणाले. "बीजा कोई माटे नहीं. दुसऱ्या कोणाला नाही देत." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पण सोमवारे एक पण वाळ निकळ्यो, तो लॉट कतारगाम."

घरी येताना बसमध्ये कोणी मला शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. सुमनमावशींनी तर मला बसायला जागा दिली. त्याहून वाईट काय असतं?

मग सुरू झालं वेचणं. खड्याखालून केस ओढला तर खडा निघतो, म्हणून खडा सुईनं उचलायचा, केस चिमट्यानं काढायचा, गम खरवडायचा, नवा ठिपका, नवा खडा. साठ साड्या. आता माझ्या डोक्याला दोन फडकी होती, एकावर एक, आणि त्यावर नानांची माकडटोपी. एप्रिलमध्ये! जिथे उचलावं तिथे मीच. पदरात मी, निऱ्यांत मी, काठावर मी. डोक्यावर जेवढे उरले नव्हते तेवढे साड्यांवर होते. काही साड्यांची तब्येत माझ्यापेक्षा बरी दिसत होती.

पहिल्या दिवशी दुपारी माझ्या हातातली सुई दोन झाली, मग चार झाल्या, मग मी साडीवर आडवी झाले.

"साडी ओढा खालून!" कोणीतरी ओरडलं. आधी साडी वाचवली, मग मला उचललं. बरोबरच केलं.

सुमनमावशींनी मला रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेलं. जाताना आईनं माझ्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून दिल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या. टेबल कमी पडलं.

"हे सगळं रोज?"

"काही काही दोनदा," मी म्हटलं.

"आणि जेवतेस काय?"

"शेक. त्यात चोवीस पोषक घटक..."

"मी जेवण विचारलं."

"काकडी," सुमनमावशींनी चुगली केली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "हे बघ. तू शरीराला उपाशी ठेवलंस, वजन भराभर उतरवलंस. अशा वेळी शरीर आधी जगण्याचं बघतं, केस त्याच्या यादीत शेवटी असतात. दोन-तीन महिन्यांनी ते गळायला लागतात, अगदी तुझ्यासारखे. पोटात अन्न नाही आणि वरून जीवनसत्त्वांचा मारा, त्यानं केस कसे थांबतील? आणि ही ए व्हिटॅमिनची बाटली. शेकमध्ये आहे, मल्टीमध्ये आहे, वर वेगळी, तीही दोनदा. ते फार झालं तरी केस गळतात, ठाऊक आहे?"

म्हणजे मी केस गळू नयेत म्हणून केस गळायची गोळी घेत होते. तीही दुप्पट!

"आता?"

"आता हे सगळं बंद. रक्त तपासू, लोह कमी निघालं तर फक्त तेवढं औषध मी देईन. बायोटिन तर आजच थांबव, त्यानं काही तपासण्यांचे आकडे चुकतात. आणि जेव. डाळ, भाकरी, अंडं, पालेभाजी. केस येतील परत, पण महिने लागतील."

"नक्की किती महिने? लेखी द्याल?"

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला आधी भाकरी द्या."

घरी आईनं माझ्यापुढे ताट ठेवलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, उडदाची डाळ, वर कच्चं तेल. तीन महिन्यांनी मी काकडी सोडून काहीतरी चावलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि ते मिरचीमुळे नव्हतं. बाजूला आठ जणी माझे केस वेचत होत्या आणि मी जेवत होते. इतकं लाजिरवाणं जेवण जगात कोणी जेवलं नसेल. मी तिसरी भाकरी मागितली.

सोमवारी सकाळी आई आणि मी साठ साड्या घेऊन परत तिसऱ्या मजल्यावर. शेवटच्या रात्री आईची पाठ सरळ होत नव्हती, तरी तिनं शेवटच्या दहा साड्या स्वतः पुन्हा उन्हात धरून पाहिल्या होत्या, सकाळचं पहिलं ऊन आल्या आल्या. भावेशभाईंनी भिंग काढलं. कोणतीही साडी ओढायचे, कोणताही खडा बघायचे. आई उभी. तिचा हात पदराच्या टोकाशी, टोक मुठीत. अर्धा तास.

शेवटी त्यांनी भिंग ठेवलं. "चोख्खुं छे."

आईच्या मुठीतून पदर सुटला.

"पण इंदूबेन," भावेशभाई म्हणाले, "सीझननो माल आपुं, तो एक शरत. सीझन पूरी थाय त्यां सुधी आ छोकरी घरमां नहीं. गाव पाठवा हिला, मामाकडे पाठवा, कुठे पण. ही घरात असेल तर लॉट कतारगाम."

आठ बायकांचं पूर्ण सीझनचं काम एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. माझ्या डोक्यात भाषण तयार झालं: कामगाराच्या घरात कोणी राहावं हे ठरवणारा मालक कोण! पण तोंड उघडलं नाही. या खेपेला मला खरंच वाटलं की मी जावं. शिरपूरला मामा आहेत. जाईन म्हणून सांगावं, एवढ्यात आई बोलली. भावेशभाईंना कळावं म्हणून जरा सावकाश, जरा हिंदीत, जरा मराठीत.

"नहीं, भावेशभाई. पोरगी कुठे नाही जाणार. मेरे घर में रहेगी."

मी आईकडे बघत राहिले. चोवीस वर्षांत मी तिच्यावर एक ओळ लिहिली नव्हती. पोटच्या पोरीसाठी ती पूर्ण मार्केटासमोर उभी राहिली होती!

"तो लॉट..." भावेशभाईंनी सुरुवात केली.

"लॉट भी मेरे घर में रहेगा," आई म्हणाली. तिनं माझ्या डोक्यावरची फडकी एका झटक्यात काढली, माझं डोकं धरून त्यांच्यापुढे वाकवलं आणि भांगाजवळ बोट ठेवलं. "ये देखो. इधर. और इधर. या हिशेबानं पुढचा लॉट येईपर्यंत हिच्या डोक्यावर पडायला काही उरणारच नाही. मंग तुम्ही घाबरता कसाले?"

भावेशभाईंनी भिंग परत उचललं. साडी तपासतात तसं त्यांनी माझं डोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलं. समाधान झाल्यावर मान हलवली.

"वात साची छे," ते म्हणाले, आणि वहीत पूर्ण सीझनचं काम इंदूबाईच्या नावावर लिहिलं.

आजवर मी किती निवेदनं दिली, किती वेळा धरणं धरलं, त्याची मोजदाद नाही. एकाही मालकानं आमची एकही मागणी मान्य केलेली नाही. मान्य झालेली ही पहिलीच, आणि तिच्यासाठी आमच्या बाजूनं सादर झालेला एकमेव भक्कम मुद्दा म्हणजे माझं होऊ घातलेलं टक्कल!